खडीसाखरेविना तीन कप

वेस्टरहामरिश
३ फेब्रुवारी

रीम्टबाळा,

थोरल्या बहिणीचा मोइन, नमस्कार घे. सत्तावन्नाव्या वर्षी बाळा म्हटलेलं आवडत नसेल तर कळव, म्हणजे मी आवर्जून म्हणत जाईन.

पत्र पोचलं. तुमच्या नॉर्वेत सूर्य परत आला हे वाचून बरं वाटलं. त्या काळोखात माशांच्या पिंजऱ्यांवर तू एकटा काय करत असशील, असं रोज मनात येतं. फोन नको म्हणतोस ते मलाही पटतं. ऑक्टोबरात दोनदा करून पाहिला ना आपण? हवापाण्यापासून सुरू केलं, बाबांच्या दफनाच्या दिवसापाशी आलो आणि एकदा तू आपटलास, एकदा मी. पत्र आपटता येत नाही, त्यामुळे माणूस पुढचं वाचतो.

कामाचं आधी सांगते. वाटाड्या ओक्कोला भेटले. जुलैच्या दुसऱ्या रविवारी सकाळी ओहोटी चांगली लांब आहे. त्या दिवशी आपण दोघांनी त्याच्यामागून समुद्राच्या उघड्या पडलेल्या चिखलातून चालत बाल्ट्रुम बेटावर जायचं. नावं घातली. लगेच त्याचं सुरू झालं, ‘हे बघ गेशे, तुझे वडील माझे गुरू. ही वाट मला त्यांनी शिकवली. पण म्हणून त्यांच्या लेकीला मी पाठुंगळी घेणार नाही. साखरेच्या माणसाला डॉक्टरची चिठ्ठी लागेल. आणि जूनमध्ये माझ्यामागे तासभर चिखल तुडवून दाखवायचा. मध्येच कुणी बसलं तर भरती काही थांबत नाही.’

मी म्हटलं, दाखवते की! बाबांचा पाय कापला, त्यानंतर आपल्या घरातलं कुणी त्या वाटेला गेलेलं नाही. सहा वर्षांच्या अबोल्यानंतर तुझं पहिलं पत्र आलं, त्यात दोनच वाक्यं होती. ‘मलाही साखर निघाली. बाबांच्या वाटेनं एकदा दोघं चालून येऊ या.’ ते मी चष्मा पुसून पुसून वाचलं होतं, तुला म्हणून सांगते.

बाकी माझं उत्तम. आपलं ठरलं तसंच चाललंय. केक नाही, पांढरा पाव नाही, तळलेलं नाही. परवाच्या शनिवारी गावाची केलची फेरी झाली. जावंच लागलं, कारण दुकानातला बटाट्याच्या पोत्यांचा काटा हातगाडीवर घालून न्यावा लागतो आणि तो माझ्याशिवाय कुणाला धड लावता येत नाही. थंडी मरणाची. वाटेत गोळे फेकायचा खेळ झाला, छोट्या पेल्यांनी लोकांनी घसे गरम केले (मी नाही, म्हणजे जवळजवळ नाही) आणि शेवटी खानावळीत केल. आता केल ही हिरवी पालेभाजी आहे. डॉक्टरीणबाईंच्या कागदावर ‘हिरव्या पालेभाज्या भरपूर’ असं वरच्याच ओळीत छापलंय. तेव्हा मी पालेभाजी भरपूर खाल्ली. राजाराणी कोण झालं ते विचारू नकोस. दरवर्षी कुणीतरी होतंच.

काटा मात्र जुना झालाय हं. थोडं इकडेतिकडे दाखवतो.

थेडा कुंपणावरून हाक मारतेय, चहा झाला म्हणून. जाते.

तुझी
गेशेताई

२६ फेब्रुवारी

रीम्ट,

पाकीट उघडलं तर आत पत्रच नाही. पेपरातलं कात्रण, आणि त्यात मी! डोक्यावर केलच्या पानांचा मुकुट, गळ्यात डुकराच्या जबड्याचं हाड, तोंड हे एवढं उघडं. खाली छापलेलं, ‘यंदाची केलची राणी, गेशे ओल्टमान्स.’ आणि बाजूला तुझ्या त्या कोंबडीच्या पायासारख्या अक्षरात एकच शब्द. ‘पालेभाजी?’

थेडाने पाठवलं ना? वाटलंच मला. तडक तिच्याकडे गेले. ती म्हणते कशी, ‘अगं, भावाला कौतुक वाटेल म्हणून धाडलं! किती वर्षांनी आपल्या गल्लीत मुकुट आला!’ आता हिच्यावर चिडायचं तरी कसं, तूच सांग.

बरं, आता खरं ऐक. तुला माहीतच आहे, जेवणाआधी एकदा आणि जेवणानंतर एकदा वजन करतात, आणि ज्याचं जास्त वाढेल त्याला मुकुट. मी नुसती केल खायची ठरवून बसले होते. शपथ. पण सकाळपासून चरबीत शिजत ठेवलेली केल ती, तिचा वास आला आणि माझा चमचा आपोआप चालायला लागला. मग खानावळवाल्याने न विचारता एक सॉसेज टाकलं. म्हटलं, एकाने काय होतंय. तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, ‘अरे, ही ओल्टमान्सांची पोरगी! हिचा बाप तीनदा राजा झाला होता!’ अख्खी खानावळ टेबलं बडवायला लागली. माझ्या अंगात बाबाच शिरले म्हण. सॉसेज, खारवलेलं डुक्कर, लोण्यात परतलेले बटाटे, आणि वर साखरेत घोळवलेले बटाटे. काट्यावर चढले तेव्हा काट्याचा आवाज निघाला. काटा जुना नाहीये. काटा चांगला आहे.

आणि खरं सांगू? त्या संध्याकाळी मी फार सुखात होते. डॉक्टरीणबाईंना हे सांगणार नाही, तुला सांगते. बाबा गेल्यापासून कुणी इतक्या प्रेमानं माझं नाव घेऊन ओरडलं नव्हतं.

एका संध्याकाळचं काही नव्हतं रे. घोळ पुढे झाला. दुसऱ्या दिवशी म्हटलं, बिघडलंच आहे तर आता सोमवारपासून. सोमवारी थेडाकडे वाढदिवस. मग पुढच्या सोमवारपासून. राणी म्हटल्यावर तर काय, ज्याच्या त्याच्या घरी बोलावणं, आणि राणीपुढे काकडी कोण ठेवतं? डॉक्टरीणबाईंची वेळ सर्दी झाली म्हणून पुढे ढकलली. सर्दी नव्हती. मग परत ढकलली. दुकानात काट्यापाशी उभी असते ना दिवसभर, पण त्याच्यावर पाय ठेवायची हिंमत होत नव्हती. तुला पत्र लिहायला बसायची आणि उठायची. काय लिहू, ताई चरतेय म्हणून?

आता माझ्यावर रागाव. पण कात्रण पाठवून नको, चांगलं भरभरून लिहून रागाव. सोमवारची वाट बघत नाहीये मी. आज गुरुवार आहे आणि आज दुपारीच सुरू केलं. उकडलेला मासा, काकडी आणि काळा पाव. मासा तुमच्याच बाजूचा होता, तुझी आठवण काढून खाल्ला.

ताई

२१ मार्च

रीम्टबाळा,

तीन पानं शिव्या! वा! इतकं लांब तू शाळेतसुद्धा कधी लिहिलं नाहीस. ‘बाबांसारखी खिडकीत बसणार आहेस का’ हे वाक्य झोंबलं, पण ते झोंबायलाच लिहिलंस ना. आणि शेवटी ‘तू नाही आलीस तर मी त्या चिखलात एकटा काय करू’ असं जे लिहिलंस, ते मी दोनदा वाचलं आणि सायकल काढून दवाखान्यात गेले.

डॉक्टरीणबाई तरुण आहे, दक्षिणेकडची, आमचं बोलणं तिला अर्धं कळतं. पण कात्रण तिनेही पाहिलं होतं. ‘अभिनंदन, राणीसाहेब,’ म्हणाली आणि सुई टोचली. निकाल आला. तीन महिन्यांची साखर साडेआठ.

‘ऑक्टोबरात साडेसात होती, गेशेबाई. मी बोलू तुम्हाला, की जेवायचं काय ते सांगू?’

‘बोलणी भावाकडून खाल्ली आहेत. जेवायचं सांगा.’

हसली बिचारी. जूनच्या सुरुवातीला परत तपासणार. सातच्या आत आली तरच चिठ्ठी. चिठ्ठी नाही तर ओक्को नाही, आणि ओक्को नाही तर बाल्ट्रुम नाही. असं सरळ आहे.

मला वाटत होतं पुन्हा सुरू करणं म्हणजे पहिल्यासारखंच असेल. तसं नसतं बघ. ऑक्टोबरात हौस होती. आता हौस नाही, नुसती भूक आहे. पहिले काही दिवस चारच्या सुमारास मी दुकानातल्या कोंबड्यांच्या खाद्याकडेही प्रेमाने बघत होते. मग हळूहळू बसलं. सकाळी चक्का आणि जवस, दुपारी मासा नाहीतर डाळीचं सूप, संध्याकाळी भाजी. केलही केली घरी, चरबीशिवाय, मोहरी आणि सफरचंद घालून. पहिल्या दिवशी कुंपण चावल्यासारखी लागली. तिसऱ्या खेपेला मात्र मागून घेतली, म्हणजे स्वतःकडूनच.

संध्याकाळी बंधाऱ्यावर चालते. मेंढ्या टक लावून बघतात. लोक विचारतात, राणी कुठे निघाली? राणीने पुढच्या वर्षीची फेरी ठरवायची असते ना, मी सगळ्यांना आत्ताच सांगून ठेवलंय, पुढच्या वर्षी खानावळ तीच राहील पण रस्ता दुप्पट लांब. दोघांनी माझ्याशी बोलणं टाकलंय.

तू काय खातोस ते लिहीत नाहीस हल्ली. लिही.

ताई

२४ एप्रिल

रीम्ट,

ईस्टरचं कार्ड मिळालं. कोंबडीचं चित्र छान होतं, मजकूर म्हणशील तर ‘शुभेच्छा, रीम्ट’. इतकं बोलून दमला नाहीस ना?

इकडे माझी फार पंचाईत झाली होती. पार बारीक झाले मी, पथ्य पाळून पाळून. पँट सैल झाली, जिना चढताना धाप थांबली आणि तरी बोटाला टोचून बघावं तर सकाळची साखर शहाण्यासारखी आणि संध्याकाळची उंडारलेली. रोज! मी रडकुंडीला आले. यंत्र बदलून पाहिलं. बोट बदलून पाहिलं.

शेवटी डॉक्टरीणबाईंपुढे जाऊन बसले. म्हटलं, मी चोरून काहीसुद्धा खात नाहीये, तुम्ही विश्वास ठेवा.

‘ठेवते. दुपारी जेवल्यापासून काय काय करता ते सांगा.’

‘दुकान. मग घरी. मग थेडाकडे चहा. मग बंधारा.’

‘थेडाकडे काय खाता?’

‘काही नाही! थेडा बिस्किटं ठेवते, मी बघतसुद्धा नाही. चहा घेते फक्त.’

‘किती?’

‘किती म्हणजे? तीन कप. त्याच्या आत कोण उठतं?’

‘आणि चहात काय असतं?’

‘चहात काय असायचं? खडीसाखर आणि साय.’

तिने पेन खाली ठेवलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, ‘गेशेबाई, प्रत्येक कपात?’

रीम्ट, तुला काय सांगू! तिने म्हटलं तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा शिरलं. गोड खाता का विचारलं की मी इतके महिने नाही म्हणत होते आणि मनापासून म्हणत होते. चहा हे खाणं थोडंच आहे? खडा आधी कपात पडतो, मग वरून चहा पडतो आणि खडा तडतडतो, तेव्हा चहा झाला असं आपण म्हणतो. बिनखड्याचा कप म्हणजे बिनतळाचा कप. आणि लोक एकच खडा तीन कपांना पुरवतात, थेडा माझ्या कपात दर वेळी नवा टाकते, तोही अंगठ्याएवढा, कारण मी तिची लाडकी. सकाळचे घरचे कप वेगळेच, पण घरी मी बारीक खडा घेते.

म्हणजे तू जे दफनाच्या दिवशी बोललास त्यात थोडं खरं होतं. थोडं. बाबांना पाय गेल्यावरही थेडा आणि मी रोज चहा देत होतो आणि तो तसाच देत होतो. पण ते सगळ्या गावासमोर, लोण्याच्या केकची बशी हातात धरून, बोलायची गरज नव्हती हे मी अजूनही म्हणेन.

घरातले खडे मी पोस्टमनला देऊन टाकले. आता थेडा. देवा रे.

ताई

१४ मे

रीम्ट,

थेडाचं सांगायचं म्हणजे आधी बसून घे.

मी गेले. ती खडा घेऊन कपावर आली, मी कपावर हात धरला. ‘आजपासून नको गं, साखर वाढतेय.’ तिने खडा परत डब्यात टाकला, त्याचा आवाज अजून कानात आहे. बिनखड्याचा एक कप कसाबसा गिळला. कडू जहर. दुसऱ्याची तयारी बघून मी कपात चमचा ठेवला, म्हणजे आता पुरे.

एका कपावर चमचा! आपल्या पट्टीत माणूस एका कपावर चमचा ठेवतो तो फक्त भांडून उठताना. थेडाचा चेहरा पडला. ‘माझ्या चहाला काय झालं? साय फाटलीय?’

‘चहा छान आहे गं.’

‘मग मी विष घालते का? तुझा भाऊ म्हणाला तेच ना शेवटी? आम्ही बायकांनी मारलं म्हणून? सहा वर्षं पोटात ठेवलं मी ते. तरी त्याला कौतुकाने कात्रण पाठवलं, म्हटलं, जाऊ दे, लेकराने बाप गमावला होता. आणि आता तू!’

ती रडायला लागली, मग मीही. घरी आले. पुढचा आठवडाभर कुंपणावरून हाक नाही. चार वाजले की मी उगाच कपाटं पुसायची. साखर उतरत होती आणि मला काडीचा आनंद नव्हता. एका संध्याकाळी तर चप्पल पायात घातली होती, म्हटलं जाते आणि पिते तीन कप खड्यांसकट, शेजार तुटण्यापेक्षा पाय गेलेला परवडला. दारापर्यंत गेले. बाबांची कुबडी दारामागे आहे ना अजून, ती दिसली. चप्पल काढली.

दुसऱ्या दिवशी थेडा दुकानात. बटाटे मागितले. मी तोलले. ती जाईना. म्हणाली, ‘काट्यावर चढ.’

‘काय?’

‘चढ गं बाई. बघू तर खरं, माझा चहा सोडून काय कमावलंस.’

चढले. तिने चष्मा लावून आकडा वाचला, केलच्या फेरीचा तिला पाठ होताच. बटाट्यांची पिशवी उचलली. मग म्हणाली, ‘चारला ये. तीन कप पिशील. माझ्या घरात एका कपावर कुणी उठलेलं नाही आणि उठणार नाही. खडा घालत नाही, झालं?’

गेले. कपाच्या तळाशी काहीतरी पांढरं! मी दचकले. ‘थेडा!’

‘ओरडू नकोस. गारगोटी आहे. समुद्रावरून आणली, दोनदा उकळली. तुझा रिकामा कप मला बघवत नाही.’ आणि तिने चहा ओतला. गारगोटी काय तडतडणार? आम्ही दोघी कान देऊन बसलो. तेव्हा थेडाने, सत्तर वर्षांच्या बाईने, स्वतःच्या तोंडाने तड तड असा आवाज काढला.

रीम्ट, मी इतकी हसले की साय सांडली. आता रोज असंच चाललंय. साय पातळ, गारगोटी कपात, आवाज थेडाचा. चव? सांगू नये अशी. पण तिसऱ्या कपापर्यंत चहाचा स्वतःचा वास लागायला लागतो, तो मला साठ वर्षांत माहीत नव्हता.

तुझं पत्र नाही. काम जास्त आहे का?

ताई

१५ जून

रीम्टबाळा,

सहा पूर्णांक आठ!

चिठ्ठी मिळाली. डॉक्टरीणबाईंनी सही करताना विचारलं, आता तरी सांगा, ती केल कशी होती? मी म्हटलं, फर्मास.

आणि काल ओक्कोने तासभर चिखलात फिरवलं. घोट्याएवढा, मग पोटरीएवढा, एके ठिकाणी गुडघ्याच्या वर. तिथे पाय ओढून काढायला लागतात आणि थांबलं की आणखी रुततात. ओक्को मागे वळून बघतच नाही, नुसता ऐकतो. धाप ऐकू आली की त्याला कळतं. शेवटी बंधाऱ्यावर पाय धुताना म्हणाला, ‘चाल वडिलांसारखी आहे.’ बस. त्याच्या तोंडून इतकंच निघतं. मी घरी येऊन खुर्चीत बसले आणि माझ्याच पायांकडे बघत राहिले. खेकड्यांनी बोटं चावली होती, तरी चांगले पाय आहेत माझे.

थेडाने सुक्या माशाची मेजवानी दिली.

पण तू कुठे आहेस? ईस्टरपासून एक ओळ नाही. मी लिहितेय ती पत्रं मिळतात ना? विमान कधीचं, उतरणार कधी, काही कळू दे. ओक्को मला रोज विचारतो, तुझा भाऊ कसा चालतो? मी म्हणते, उत्तम. मला काय ठाऊक!

काळजी वाटते रे.

ताई

३ जुलै

रीम्ट,

तुझं पत्र सकाळी आलं. दुकानात उभ्याने वाचलं, मग काट्यावर बसून परत वाचलं. गिऱ्हाइकं ताटकळली.

तर तू येत नाहीस. मला ‘पालेभाजी?’ लिहिणारा माणूस मार्चपासून रोज तपकिरी गोड चीज घालून वाफल खातोय. साखर माझ्या राणीपणातल्या आकड्याच्याही वर. बुटाची नाडी बांधताना धाप लागते. पत्रं लिहिली नाहीस, कारण खोटं लिहावं लागलं असतं. आणि माझं प्रत्येक पत्र आलं की ‘तिला जमतंय आणि मला नाही’ म्हणून आणखी एक वाफल. शेवटी लिहितोस, ‘दफनाच्या दिवशी तुम्हाला जे बोललो, त्यानंतर असा तुझ्यासमोर यायला मला तोंड नाही.’

वाचून मला रडू आलं. मग तुझा राग आला, की हे सगळं तू एकट्याने सोसत बसलास. आणि मग, तुला आवडो न आवडो, मला हसू आलं.

कारण बघ. ‘तुम्ही बायकांनी त्यांना साखर चारून मारलं,’ असं तू म्हणालास. मला लागलं, थेडाला लागलं. सहा वर्षं मी मनात त्याचं उत्तर जुळवत होते आणि जुळत नव्हतं, कारण कधी वाटायचं तू खोटारडा आहेस आणि कधी वाटायचं तुझंच खरं. आज तूच उत्तर पाठवलंस. खानावळीत माझं ताट मी रिकामं केलं, कुणी घास भरवला नाही. तुझ्या त्या खडकावर तर मैलोन्‌मैल बाईमाणूस नाही, वाफलचं पीठ तू स्वतः कालवतोस. आणि बाबांनीही त्यांचं त्यांनीच खाल्लं, तीन मुकुट मिळवून, मजेत खाल्लं. कुणीच कुणाला मारलं नाही. थेडाला मी हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, ‘त्याला सांग, मला ते कळलं.’ मग चष्मा पुसत बसली. तेव्हा ते मिटलं, आता पुन्हा काढायचं नाही.

वाफलवरून मी तुला एक अक्षर बोलणार नाही. मी त्या काट्याभोवती महिनाभर चोरासारखी फिरलेय. लाज वाटायला लागली की माणूस एकटं बसतं, आणि एकटं बसलं की खातं. मला तीन पानं शिव्या आल्या म्हणून मी उठले. तुला शिव्या द्यायला मला तू समोर हवा आहेस.

तेव्हा तोंड नाही म्हणू नकोस. आहे ते तोंड घेऊन ये. जाड झालं असलं तरी ओळखेन.

ओक्कोशी बोलले. तो म्हणाला, अशा साखरेवर चिखलातून नाही, आणि त्याचं बरोबर आहे. मी म्हटलं, मग मीही पुढच्या वर्षी जाईन. त्यावर ओक्को पहिल्यांदाच माझ्यावर ओरडला. ‘तू चालायचंस! नाहीतर तो बिचारा आयुष्यभर म्हणेल माझ्यामुळे राहिलं.’ हेही बरोबर आहे.

म्हणून आता असं. रविवारी सकाळी थेडा तुला नेसमरसीलच्या धक्क्यावर सोडेल. तू बोटीने बाल्ट्रुमला जा. मी बाबांच्या वाटेने येते. तू आधी पोचशील. तिकडच्या किनाऱ्यावर उभा राहा आणि दक्षिणेकडे बघ. आधी ठिपके दिसतील, मग माणसं. सगळ्यात मोठ्याने हाका मारणारी मी. गुडघ्याच्या वरपर्यंत बरबटलेली असेन, मिठी मारली तर तूही बरबटशील, जुना शर्ट घालून ये. मग कुठेतरी बसू आणि मासा खाऊ, आणि तू मला पहिल्यापासून सगळं सांग. जुलै संपेपर्यंत माझ्याकडेच राहायचं. संध्याकाळी बंधाऱ्यावर जाऊ. पहिल्या दिवशी नुसत्या फाटकापर्यंत गेलो तरी चालेल.

एक गोष्ट तुझ्या लक्षात आहे का? लहानपणी मी बाबांना विचारायची, येताना पण चालत का नाही येत? ते म्हणायचे, भरतीला पाय नसलेला आणि पाय असलेला सारखाच. तोवर भरती आलेली असते, तिथून कुणीच चालत परत येत नाही रे. ओक्कोसुद्धा नाही, बाबाही येत नसत. चालत गेलेले आणि बोटीने गेलेले, संध्याकाळी सगळे एकाच बोटीत बसतात.

त्या बोटीची आपली दोन तिकिटं मी काढली आहेत.

तुझी
ताई